भोंग्याची कवळी

आमच्या स्टँडवर त्याला सगळे भोंगा म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. कोणी नवा कंडक्टर बिचकत "साहेब" म्हणालाच, तर तोच सांगे, "भोंगा म्हण. साहेब वरच्या मजल्यावर बसतात."

स्टँडच्या मधोमध आमची चौकशीची खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पुढे काच आणि काचेला बोलण्यापुरतं भोक. काचेशी मी बसायचो, मागे माइकपाशी तो. माझा आवाज लहान आहे. भोकापलीकडची माणसं कानामागे हात धरून "काय म्हणालात?" विचारत, आणि माझं दुसऱ्यांदा सांगून होईपर्यंत मागून तो माइक चालू करून तेच उत्तर अख्ख्या स्टँडला ऐकवी. त्यावरून मला मुका हे नाव पडलं. भोंगा आणि मुका, अशी आमची जोडी होती. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही त्या खोलीत एकमेकांकडे पाठ करून काढली.

त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी होती. वेळापत्रकात जे लिहिलंय ते तो तसंच्या तसं वाचत नसे. स्टँडवर येणाऱ्या निम्म्या माणसांना गाडीवरची पाटी वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो खुणा सांगायचा. "धरणाची गाडी लागली आहे. पाण्याच्या टाकीसमोर, पुढची काच तडकलेली, ड्रायव्हर मिशीवाला." मग काचेतून बाहेर पाहत, "हिरव्या पिशवीवाल्या आजी, तुम्ही चुकीच्या गाडीला हात लावलाय. उजवीकडे या. अजून थोडं. हां, हीच." आजी वर बघत, देवानं सांगितल्यासारखं ऐकत आणि बरोबर गाडीत चढत. तो माइक बंद करून माझ्याकडे वळे. "बघ मुक्या. खुर्चीतून न उठता माणसाला गाडीत बसवतो की नाही?"

ही त्याची एकच बढाई होती. बाकी माणूस साधा. घरी बायको, दूरच्या गावी दिलेली एक लेक. आवाज सोडला तर त्याच्यापाशी मिरवावं असं काही नव्हतं.

दात मात्र पहिल्यापासून खराब. हिरड्या सुजायच्या, एकेक दात हलायचा, तो लवंग दाबून दिवस काढायचा. पन्नाशी उलटली तसे वरचे पुढचे दात डुगडुगायला लागले. बोलताना मधूनच शीळ वाजायची आणि कर्ण्यातून ती चांगली लांबवर जायची. हमाल हसायचे. तो माइकसमोर अंगठ्याने वरचा दात दाबून धरायला शिकला. तसाच हात धरून तो गाड्या सोडायचा.

सरकारी रुग्णालय स्टँडपासून जवळच होतं. तिथल्या दातांच्या विभागात एक खुर्ची, एक डॉक्टरीणबाई आणि जिन्यापर्यंत रांग. तिथे दात काढून मिळत. बसवून मिळत नसत. कवळ्या करणारा माणूस रिटायर झाला होता आणि त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, काचेच्या दारांचा खाजगी दंत दवाखाना उघडला होता. तिथे खुर्च्याच खुर्च्या, पण आमच्यासारख्यांनी आत जायचं ते थंड हवा खायला. मग एके दिवशी या दोघांचं जुळलं. करार झाला, फीत कापली गेली, आणि टाय घातलेला एक माणूस आमच्या खोलीत कागद घेऊन आला. हे रोज माइकवरून वाचायचं, असा वरून हुकूम होता.

भोंग्याने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "सरकारी रुग्णालयाचा दंतविभाग आणि आमचा दवाखाना यांच्या संयुक्त विद्यमाने, अल्प उत्पन्न गटातील पात्र लाभार्थ्यांसाठी..." तिथेच तो थांबला. "साहेब, हे कोणाला कळणार?"

"मग कसं म्हणाल?" टायवाल्याने विचारलं.

त्याने माइक ओढला, दात दाबून धरला आणि म्हणाला, "ज्यांचे दात गेलेत त्यांनी ऐका. काढायचे सरकारकडे, बसवायचे रस्त्यापलीकडे. पैसे लागणार नाहीत. ज्यांना रस्ता ओलांडता येतो त्यांनी यावं."

टायवाला खूश झाला. पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य स्टँडवर घुमत होतं. खेड्यापाड्यांतून माणसं यायची, आमच्या भोकाशी वाकून विचारायची, "ते दातांचं कुठं?" मी हात करून दाखवायचो.

शेवटी तो म्हणाला, "मुक्या, मी साऱ्या दुनियेला पाठवतोय आणि स्वतः अंगठा धरून बसलोय. आपण जाऊ. तू चल बरोबर. डॉक्टरसमोर मला बोलणं सुचत नाही."

"आणि मला सुचतं?"

"तू नुसता बस. दोघं गप्प बसलेले बरे दिसतात."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि दुपारपर्यंतच दमून गेल्या होत्या. त्यांनी आरशाची काडी घालून त्याचं तोंड नीट पाहिलं. वरचे सगळे आणि खालचे बरेचसे काढावे लागतील, म्हणाल्या. "खालचे पाच मात्र चांगले आहेत. त्यांना बरीच वर्षं काही होणार नाही."

"मग ते राहू देत," तो म्हणाला.

"राहू देते. पण मग तुम्हाला कवळी मिळणार नाही."

"का बाई?"

"योजनेत पूर्ण कवळी आहे. वरची आणि खालची, अख्खी. पाच दात ठेवून बाकीचे बसवता येतात, पण ते काम करारात धरलेलं नाही. ते बाहेर, आपल्या खर्चाने." त्या हातमोजे काढत होत्या. काढता काढता थांबल्या. "मी चांगले दात काढा असं सांगणार नाही. पण तोंडात एक जरी दात असला तरी तुमचं नाव मला रस्त्यापलीकडे पाठवता येत नाही. विचार करून या."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मी आजही त्यांना दोष देत नाही. हिरड्या नीट भरल्या की मग माप, असंही त्यांनी बजावलं होतं.

विचार त्याच्या घरी झाला. स्वयंपाकखोलीच्या दारात स्टुलावर मी, जमिनीवर तो, ओट्याशी वहिनी.

"चांगले दात कोणी काढून घेतं का?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, वरचा एक नसताना खालचे पाच ठेवून काय करू? ते भांडणार कुणाशी?"

"भांडायला मी आहे ना."

"तुझ्याशी भांडायला तरी दात हवेतच."

वहिनी हसल्या नाहीत. "भावोजी, तुम्ही सांगा यांना काहीतरी."

मी काय सांगणार? त्याचं कुठे अडलंय ते मला समोर दिसत होतं. वरचे दात आज ना उद्या गळणारच होते. स्वतःच्या खर्चाने दात बसवणं त्याच्या पगारात होणारं नव्हतं. आणि दातांशिवाय माइक नाही. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. ती त्याला त्या खुर्चीत, त्या माइकपुढे काढायची होती. बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

मॅनेजरसाहेबांना त्याने जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "किती दिवसांचं काम आहे?"

"हिरड्या भरेपर्यंत, साहेब. दोन-तीन महिने."

"तोवर पार्सलच्या खोलीत बस. इथे ते रेकॉर्डचं मशीन लावू. दात आले की माइक तुझा. शब्द देतो."

दात टप्प्याटप्प्याने निघाले. हलणारे लवकर निघाले. ते चांगले पाच शेवटी. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी वाट पाहत होतो आणि तो बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा गालात कापूस, डोळ्यांत पाणी. रस्त्यात त्याने कापूस थुंकला आणि मला हाताची बोटं लांब करून दाखवली. "मुळं केवढी होती रे. ताटलीत बघितली. पांढरी स्वच्छ." मग थोडं चालून, "यायला तयार नव्हते. त्यांनी काय केलं होतं?"

आठवडाही गेला नसेल, तोच रस्त्यापलीकडून निरोप आला. माप घ्यायला या. मी म्हणालो, बाईंनी तर हिरड्या भरू द्या म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, त्यांना आपल्यापेक्षा कळत असेल. आणि खरं म्हणजे त्याला घाई झाली होती.

तिथे त्या दिवशी नुसती झुंबड. ओळीने खुर्च्या, खुर्चीत माणसं, माणसांच्या तोंडात गुलाबी लगदा. माप घेणाऱ्या मुलीने त्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि मागे वळून म्हणाली, "सर, यांची हिरडी अजून सुजलेली आहे. बसायची आहे."

टायवाला तिथेच उभा होता. "घेऊन ठेव. करार महिनाअखेर संपतोय. त्याच्या आत मापं व्हायला हवीत. नाहीतर हे लोक राहूनच जातील."

त्यालाही ती माणसं राहून जाऊ नयेत असंच वाटत असावं. भोंग्याने काही बोलायचं म्हटलं तर तोंडात लगदा होता. माझ्या तोंडात नव्हता. मी टायवाल्याला, "बाईंनी सांगितलंय की..." एवढं म्हणालो. तो म्हणाला, "काय म्हणालात?" आणि कोणीतरी त्याला हाक मारली.

आम्ही निघताना टायवाल्याने भोंग्याला थांबवलं. जाहिरात तुम्हीच केलीत, तुमचा फोटो हवाच. नमुन्यादाखल ठेवलेली एक चकचकीत कवळी त्याच्या हातात दिली, फोटो काढला आणि कवळी परत घेऊन कपाटात ठेवली.

महिना संपला. करारही संपला.

पुढचं वर्षभर आणि त्याच्याही पुढे आम्ही तो रस्ता ओलांडत राहिलो. मधल्या कठड्याला एक फट होती, लोकांनी वाकवून केलेली. तिच्यातून अंग चोरून जावं लागे. काचेच्या दारामागची मुलगी गोड बोले. "काका, मापं तयार आहेत. करार नव्याने व्हायला सरकारकडे गेलाय. तिकडून आला की लगेच." मग आम्ही फटीतून अलीकडे. डॉक्टरीणबाई म्हणत, "माझ्याकडचं काम दात काढायचं. ते झालं. करार वरचे लोक करतात. मी विचारते." त्यांनी विचारलंही असेल. पुढे त्यांची बदली झाली. नवे डॉक्टर म्हणाले, कोणता करार?

या साऱ्या फेऱ्यांत बोलायचं मला होतं. त्याचं बोलणं आता जिभेवरून घसरायचं. एकेक शब्द तीन तीनदा सांगावा लागे आणि समोरचा माणूस त्याच्या तोंडाकडे न बघता माझ्याकडे बघे. पहिल्याच फेरीनंतर तो फटीतून जाताना म्हणाला होता, "आता तू भोंगा, मी मुका." मला ते कळायला वेळ लागला.

हळूहळू त्याने बोलणं सोडलं. गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे आली. वहिनी भात दुधात कालवून मऊ करत. शेजारी कोणी शेंगदाणे खाल्ले तर तो उठून जाई. लेकीचा फोन आला की तो वहिनींच्या हातात देई आणि कान लावून शेजारी बसे. लेक विचारी, बाबा कुठे आहेत? वहिनी म्हणत, ड्यूटीवर.

आणि स्टँडवर फलक लागला. पार्सलच्या खोलीच्या अगदी समोर. वर सरकारचं चिन्ह, शेजारी दवाखान्याचं, आणि मधे दोन्ही हातांनी कवळी धरून उभा असलेला भोंगा. खाली लिहिलं होतं, समाधानी लाभार्थी. येणारेजाणारे ओळखीचे लोक पार्सलच्या खिडकीत डोकं घालून म्हणत, "मिळाले की दात! नशीबवान आहेस लेका." तो तोंड मिटून मान हलवी. एका हमालाने एकदा टोमणा मारला, "फोटोत दात हातात, आणि तोंडात काय?" भोंग्याने त्याच्या पार्सलवर शिक्का मारला आणि पुढे सरकवलं.

माइकच्या जागी मशीन होतं. त्यातली मुलगी छान, स्पष्ट बोले. पण ती खुणा सांगत नसे. फलाट क्रमांक सांगे. माणसं आकडे शोधत फिरत. माझ्या भोकाशी गर्दी वाढली.

अखेर करार झाला. कोणी केला, कसा, ते आम्हाला कळलं नाही. एक दिवस निरोप आला आणि कवळी मिळाली. डबी उघडून तिथल्या माणसाने ती त्याच्या तोंडात बसवली. खालची कशीबशी राहिली. वरची, बोलायला तोंड उघडलं की खाली यायची.

त्या माणसाने बोट घालून पाहिलं. "माप घेतलं तेव्हा हिरडी सुजलेली असणार. आता आत बसलीय. फरक पडला."

"मग पुन्हा माप घ्या," मी म्हणालो. यावेळी मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो.

त्याने पडद्यावर पाहिलं. "नव्या करारात एका माणसाला एकच कवळी आहे. यांची दिलेली दिसतेय."

"आत्ताच तर दिली."

"तेच म्हणतोय. दिली." त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने चिकटवायच्या पावडरीची एक पुडी आपणहून दिली. "जिभेने वर दाबून बोलायची सवय करा. होते सवय."

सवय करण्यात त्याने कसर सोडली नाही. वहिनी सांगत, सकाळी बाथरूममधून धरणाची गाडी सुटते. कडी लावून, नळ सोडून तो गाड्या सोडायचा. मग मॅनेजरसाहेबांकडे जाऊन त्याने शब्दाची आठवण करून दिली. साहेब चांगले होते. "उद्या दुपारी बस," म्हणाले. "मशीन बंद ठेवू."

तो आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट होता. दोन्ही कवळ्या तोंडात. गाल भरलेले, एकदम पहिल्यासारखा. खुर्चीची धूळ हाताने झटकून बसला, माइक दोन बोटं जवळ ओढला. मी काचेकडे तोंड करून बसलो. पण कान मागेच होते.

"धरणाची गाडी लागली आहे."

आवाज तोच होता. बाहेरच्या टपरीवर कोणीतरी वर पाहिलं. एक जुना ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात काढून हसला.

"पाण्याच्या टाकीसमोर, पुढची..."

टक् असा आवाज झाला. कर्ण्यातून तो साऱ्या स्टँडवर गेला. तो थांबला. जिभेने वर दाबून पुन्हा सुरू झाला. पुढचे दोन शब्द आले आणि पुन्हा टक्, आणि मग नुसतं ओलं, चघळल्यासारखं काहीतरी, जे दातांमागे अडकून राहिलं. टपरीवर कोणीतरी हसलं. ते हसू दुसऱ्याने उचललं. वाईट हेतूने नव्हे. ऐकणाऱ्याला हसू यावं असाच तो आवाज होता. मी मागे पाहिलं. त्याने एका हाताने वरची कवळी दाबून धरली होती, पूर्वी दात धरायचा तशी, आणि त्या हातामागून गाडी पुरी करत होता. एक अक्षर कळत नव्हतं.

माझ्या भोकाशी गाठोडं घेतलेली एक म्हातारी होती. "काय म्हणाला हो तो?"

"धरणाची गाडी," मी म्हणालो.

"काय?"

मागे बटण बंद झाल्याचा आवाज आला. त्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळली, शर्टाच्या खिशात ठेवली. मग उठून स्वतःच्या हाताने मशीन चालू केलं. मुलगी फलाट क्रमांक सांगायला लागली.

"चालू दे तिला," तो पुटपुटला. मला सवय होती म्हणून कळलं. "तिचे दात पक्के आहेत."

मी म्हणालो, साहेबांना सांगू, अजून थोडे दिवस सवय केलीस तर. त्याने मान हलवली. भोकाशी ती म्हातारी अजून "काय? कुठं?" विचारतच होती. तो दार उघडून बाहेर गेला. तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला मागे घेऊन चालू लागला. त्यांना फलकाखालून जावं लागलं. एका ओळखीच्या प्रवाशाने वर बोट करून त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने तोंड मिटून मान हलवली आणि पुढे गेला.

काचेतून मला दिसत राहिलं. पाण्याची टाकी, तडकलेल्या काचेची गाडी, म्हातारीचा हात धरून पायरीवर चढवणारा तो. आत जाऊन दिसेनासा झाला. बराच वेळ तो आला नाही, तेव्हा मला वाटलं, तोही गाडीबरोबर जातो की काय.

तो परत आला आणि पार्सलच्या खोलीत जाण्याआधी माझ्या भोकाशी थांबला.

"बसली?" मी विचारलं.

त्याने तोंडावर हात धरला. "खिडकीशी बसवली," म्हणाला.

निवृत्त होईपर्यंत तो तेच करत राहिला. पार्सलची खिडकी मधेच बंद करायचा, गोंधळलेल्या माणसाचं ओझं उचलायचा आणि त्याला गाडीपर्यंत पोचवून यायचा. काही न बोलता.